केदारेबाईंच्या गाडीची कॉइल

गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं की मेकॅनिक सुटला, असं लोकांना वाटतं. माझं उलटं आहे. गाडी गॅरेजात उभी असते तोवर मी निवांत असतो. ती रस्त्याला लागली की भीती सुरू. पुढचे दोन दिवस फोन वाजला की आधी नाव बघतो आणि मगच उचलतो. नाशिकच्या पेठ रोडवर मी जवळजवळ चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंगचं काम केलं, आणि एवढ्या वर्षांत ही भीती काही कमी झाली नाही. आता गॅरेज बंद केलंय, तरी एखादी जुनी गाडी रस्त्यात आचके देताना दिसली की मी आधी तिचा नंबर वाचतो. माझ्या हाताखालून गेलेली तर नाही ना?

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. मी हा धंदा धरला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, "करंट दिसत नाही, गौतम. हात लावायच्या आधी दोनदा विचार कर." मी दोनदा काय, चारदा करत आलो. तरीही एकदा चुकलो. ती चूक मी आजवर गॅरेजवाल्या दोस्तांनाही नीट सांगितलेली नाही. दिवाळी अंकवाले काहीतरी लिहा म्हणाले, तेव्हा ठरवलं, लिहायचं तर हेच.

पण आधी थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पेट्रोल गाडीत पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. बॅटरी असते बारा व्होल्टची, तिच्यानं ठिणगी उडत नाही. त्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते ती कॉइल. कॉइलला किती वेळा चालू-बंद करायचं ते एक छोटा इलेक्ट्रॉनिक भाग ठरवतो, त्याला आम्ही इग्नायटर म्हणतो. आणि तयार झालेली ठिणगी पाळीपाळीनं चारी सिलिंडरना वाटून देतो तो डिस्ट्रिब्युटर. बस, एवढंच.

या हजारो व्होल्टचे नखरे फार. दिंडोरीचा एक द्राक्षवाला माझ्याकडे यायचा. त्याची गाडी रोज सकाळी एकाच वळणावर आचके द्यायची. तिथं काहीतरी आहे असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं बॉनेटच्या आत लिंबू-मिरची बांधली. त्यानंतर तर गाडी जास्तच बंद पडायला लागली. मी बॉनेट उघडून बघतो तर ते ओलं लिंबू कॉइलच्या वायरला चिकटलेलं, आणि ठिणगी प्लगकडे जायची सोडून लिंबातून पत्र्यात उतरतेय. लिंबू काढलं, तडकलेली वायर बदलली, गाडी सुरळीत. तो मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला, "लिंबानं स्वतःवर घेतलं बघा, भाऊ."

अशा गोष्टी सांगायला सोप्या जातात. केदारेबाईंची तशी नाही.

बाई निवृत्त शिक्षिका. उभी नोकरी त्यांनी पेठ तालुक्यातल्या शाळांमध्ये काढलेली. त्यांचे यजमान केदारेसाहेब सरकारी कचेरीत होते. साहेबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ थांबलं. त्यांच्या दारात नव्वदच्या दशकातली एक पांढरी, जपानी बनावटीची गाडी उभी होती. साहेबांचा भारी जीव त्या गाडीवर. ती धूळ खात पडलेली बाईंना बघवेना, म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई गाडी चालवायला शिकल्या. रोज संध्याकाळी साहेबांना शेजारी बसवून गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर. साहेबांना दिवसभरात तेवढाच आनंद.

चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये त्या माझ्याकडे आल्या. "गांगुर्डे, गाडी तापली की मरते. अर्धा तास थांबलं की आपोआप सुरू होते. दोन गॅरेजं झाली. एकानं पेट्रोलचा पंप बदलला, एकानं फिल्टर."

"कुठे मरते?"

"कुठेही. परवा द्वारका चौकात मेली. मागे ट्रक हॉर्न देतोय आणि ह्यांना तर उतरताही येत नाही."

या गाडीची कॉइल डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच बसवलेली होती. त्या काळच्या काही गाड्यांमध्ये तशी असायची. दिसायला सुटसुटीत, पण इंजिनाची सगळी धग तिच्या अंगावर. पंचवीस वर्षं भाजली की आतली तार तापल्यावर तुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. खात्री करायला मी घरून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, गार गाडी सुरू केली आणि झाकण काढून ठेवलेल्या कॉइलला लांबून गरम वारा देत बसलो. पाचव्या मिनिटाला इंजिन बंद. बाई म्हणाल्या, "सापडलं!" त्यांचा चेहरा असा फुलला, जणू पेपर त्यांनीच सोडवला.

तशी कॉइल नवी मिळेना. डिस्ट्रिब्युटरही मिळेना. मग एकच उपाय उरला, कॉइल बाहेर काढायची. म्हणजे पोटातली मेलेली कॉइल काढून टाकायची, मधोमध वायर लावता येईल असं वेगळं झाकण डिस्ट्रिब्युटरला बसवायचं, इंजिनापासून दूर, वारा लागेल अशा जागी दुसरी कॉइल पत्र्याला घट्ट आवळायची, आणि तिथून जाड वायर झाकणापर्यंत आणायची. मी असं काम पूर्वी बऱ्याच गाड्यांवर केलेलं. एकच गोष्ट सांभाळायची असते. नवी कॉइल जुन्या इग्नायटरला झेपली पाहिजे. कॉइलच्या आतल्या तारेचा अडथळा कमी असला तर ती जास्त करंट ओढते आणि इग्नायटर आतून भाजत जातो. तो लगेच मरत नाही. एक दिवस मरतो, आणि तो दिवस कुठला ते आधी सांगता येत नाही.

अडथळा मीटरनं मोजतात. जुन्या सामानाच्या दुकानातून मी एक चांगली दणकट कॉइल आणली. लेबल पुसलेलं होतं, म्हणून मोजली. मीटरनं दीड ओहम दाखवलं. मला दीडच्या आसपासच हवं होतं. बसवली. मखमलाबादपर्यंत फेरी मारून आलो, गाडी लोण्यासारखी पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रिक्षातून साहेबांना घेऊनच आल्या. पेठजवळ त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या नव्या घराचा कार्यक्रम होता, गाडी घेऊन गॅरेजातूनच तिकडे निघाल्या.

"ऊन उतरल्यावर परत फिरू," त्या म्हणाल्या. साहेबांनी डावा हात उचलून मला रामराम केल्यासारखं केलं.

ते गेले आणि तासाभरानं मी एका रिक्षाचं काम हातात घेतलं. मीटर उचलला. मीटरच्या दोन वायरी असतात. त्यांची टोकं एकमेकांना टेकवली की काटा असो की आकडा, शून्य दिसलं पाहिजे. सहज टेकवली. मीटरनं दाखवलं, पॉइंट नऊ.

मी पुन्हा टेकवली. पॉइंट नऊ.

वायर आतून झिजली होती. म्हणजे मीटर प्रत्येक मापात आपल्या पदरचे पॉइंट नऊ मिसळत होता. म्हणजे बाईंच्या गाडीतली कॉइल दीडची नव्हती. ती पॉइंट सहाची होती. निम्म्याहून कमी.

मी मीटर खाली ठेवला. पेठच्या वाटेवर सावळघाट आहे. घाटात इंजिन मेलं तर नुसती गाडी थांबत नाही. ब्रेकला इंजिनाची मदत असते. इंजिन गेलं की एकदोनदा ब्रेक लागतो आणि नंतर पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं. जवान माणसाला ते झेपतं. बाई साठीच्या पुढच्या, अंगानं बारीक. आणि शेजारी एक माणूस, ज्याला दार उघडून उडीही मारता येणार नाही.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. बाहेर.

रिक्षा तशीच टाकली. फळीवर दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आणलेली, लेबल शाबूत असलेली एक कॉइल होती ती घेतली, पाने-पक्कड घेतली, मोटरसायकल काढली. त्या जातीचा इग्नायटर माझ्याकडे नव्हता आणि शहरात शोधत बसायला वेळ नव्हता.

तो रस्ता मी शेकडो वेळा गेलोय. त्या दिवशी मला त्यातलं काही दिसलं नाही. प्रत्येक उभ्या पांढऱ्या गाडीशी वेग कमी करायचो. घाट सुरू झाला तेव्हा प्रत्येक वळणावर थांबून मी खाली दरीत डोकावत होतो. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी दरीत गाडी शोधत होतो. एका वळणावर कठडा तुटलेला, रस्त्यावर काचांचा चुरा. मी मोटरसायकल थांबवली. जवळ एक म्हातारी करवंदं घेऊन बसली होती. तिला विचारलं, "आजी, हे कधी झालं?"

"लय दिस झाले. टँकर व्हता."

"पांढरी जुनी गाडी गेली का खाली? बाई चालवत होती?"

"गेली ना. बाईनं करवंदं बी घेतली. पण तुला काय झालं रं? पानी पिशील?"

पाणी प्यायलो आणि पुढे गेलो.

पेठच्या अलीकडे त्या घरासमोर मांडव होता आणि मांडवाशेजारी गाडी उभी. सगळी चाकं जागेवर, काचा जागेवर. मी मोटरसायकल लावली आणि गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिलो. तेवढ्यात बाईंनी बघितलं.

"गांगुर्डे! तुम्ही इकडे कसे? अहो, काय सुंदर पळते गाडी! घाटात एकदासुद्धा अडखळली नाही."

तिथं मला खरं सांगता आलं असतं. मांडवभर माणसं होती, बाई मला हात धरून सगळ्यांना सांगत होत्या, "हे आमचे गांगुर्डे, दोन गॅरेजवाल्यांना सापडलं नाही ते ह्यांनी शोधलं." माझ्या तोंडातून निघालं, "इकडे एक काम होतं. म्हटलं जाता जाता बघावी गाडी कशी चाललीये. एक जास्त चांगली कॉइल मिळालीये, ती बसवून देतो."

"किती काळजी करता हो! आधी जेवा."

त्यांनी मला बसवलं आणि स्वतः वाढलं. मी जेवलो. मग किल्ली घेऊन बॉनेट उघडलं आणि कॉइल बदलली. इग्नायटरचा वास घेऊन बघितला. तास होऊन गेला होता गाडी उभी राहून, तरी त्याच्या बुडाशी जळकट वास होता. किती भाजलाय ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. गाडी सुरू केली, सुरू झाली. मी मनाशी म्हटलं, आता करंट बरोबर जाईल, टिकेल घरापर्यंत. आणि मी मागे राहीनच. गाडी इथंच ठेवा, दुसऱ्या गाडीनं जा, असं सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. घाटापेक्षा मला त्या माणसांसमोर मान खाली घालायची भीती जास्त वाटली, हे खरं आहे.

चारच्या सुमाराला आम्ही निघालो. पुढे बाई, मागे मोटरसायकलवर मी. घाट चढायला लागलो. मी त्या गाडीच्या मागच्या दिव्यांवरून नजर काढली नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं. उभा चढ आला आणि गाडीच्या आवाजात एक खाच पडली. पुन्हा एक. मग आवाजच थांबला.

ब्रेकचे दिवे लागले. विझले. पुन्हा लागले. बाई क्लच दाबून गाडी सुरू करायला बघत होत्या, आणि ब्रेक सोडून-दाबून त्यातला उरलेला जोर संपवत होत्या. हे मला मागून दिसत होतं आणि मी ओरडत होतो, "गिअरमध्ये टाका! बाई, हँडब्रेक!" काचा बंद होत्या. गाडी मागे यायला लागली. सावकाश, चालत्या माणसाच्या वेगानं. आणि तिचं तोंड रस्त्याच्या मधोमध वळत होतं, म्हणजे मागची बाजू डाव्या हाताला, दरीकडे.

मोटरसायकल मी तशीच पाडली. घाटात ट्रकवाले चाकाला दगड लावतात आणि तसेच टाकून जातात. त्यातला एक उचलला आणि मागच्या चाकाखाली ढकलला. चाकानं तो फरफटत नेला. मी खाली बसून दोन्ही हातांनी तो दाबून धरला. आता विचार करतो तर हात गेले असते. मागून एक ट्रक चढत होता. त्याच्या ड्रायव्हरनं काय ते ओळखलं, ट्रक आडवा घालून रस्ता अडवला, आणि दुसरा दगड घेऊन धावत आला. तो दगड लागला आणि गाडी थांबली. चाकापासून कठड्यापर्यंत एक माणूस आडवा मावेल एवढी जागा उरली होती.

बाई स्टिअरिंग धरून बसलेल्या. बोटं सुटत नव्हती. मी दार उघडलं.

"उतरा, बाई."

"ह्यांना आधी."

साहेबांचं दार दरीच्या बाजूला. मी आणि ट्रकवाल्यानं मिळून त्यांना धरून काढलं. त्यांचा शर्ट पाठीवर ओला चिंब झाला होता. त्यांना ट्रकच्या सावलीत बसवलं. बाईंनी पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"काय झालं असेल हो?"

मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे." आणि मीटरपासून सगळं सांगितलं. उभ्यानंच, शाळेत सांगतात तसं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही गेल्यावर. तासाभरानं."

"म्हणजे पेठला माहीत होतं."

"हो."

"मी तुम्हाला वाढत होते तेव्हा माहीत होतं."

"हो, बाई."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि साहेबांकडे वळल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक रिकामी जीप मिळाली, तिच्यातून दोघं नाशिकला गेले. गाडी मी दुसऱ्या दिवशी ओढून आणली आणि गॅरेजच्या कोपऱ्यात लावली. मीटरच्या वायरी त्याच दिवशी बदलल्या. पुढचे पंधरा दिवस बाईंचा फोन नाही, माझी करायची हिंमत नाही. बायको म्हणायची, "जाऊन तरी या त्यांच्याकडे." दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो.

सोळाव्या दिवशी सकाळी बाई गॅरेजच्या दारात. बरोबर आणलेली घडीची खुर्ची त्यांनी उघडली आणि बसल्या.

"आता माझ्यासमोर करा. आणि काय करताय ते सांगत करा."

मी पुण्याहून तसाच इग्नायटर मागवून ठेवला होता. दिवसभर त्या बसल्या. कॉइल तीन वेगवेगळ्या मीटरवर मोजली, प्रत्येक आकडा त्यांनी चष्मा वर करून वाचला. इग्नायटरखाली उष्णता ओढून घेणारा मलम लावतात, तो का लावतात ते विचारलं. वायर पेट्रोलच्या नळीपासून लांब का नेली, ते विचारलं. दोनदा माझं उत्तर अर्धवट होतं, दोन्ही वेळा त्यांनी ते पूर्ण करून घेतलं. संध्याकाळी म्हणाल्या, "रविवारी सावळघाटात जायचं. तुम्ही आत बसायचं."

रविवारी मी त्यांच्या दारात गेलो तर साहेब पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेले.

"बाई, साहेबांना कशाला? आधी आपण दोघंच जाऊन येऊ."

"मीही तेच म्हटलं. घाटात जाणार म्हटल्यावर डाव्या हातानं गाडीकडे खुणावत राहिले, शेवटी बसवलं. उतरायलाच तयार नाहीत."

मी मागे बसलो. इतकी वर्षं मी लोकांच्या गाड्या दुरुस्त करून दिल्या, पण दुरुस्त केलेल्या गाडीत मालकाच्या मागे बसून घाटात कधी गेलो नव्हतो. उतार निभला. खाली वळवली आणि चढ लागला. कान इंजिनाला लावलेले. एक मुंगी चालली असती तरी ऐकू आलं असतं. ती जागा आली. बाईंनी गिअर खाली घेतला, आणि गाडी न कुरकुरता वर सरकत गेली. साहेब समोर बघत होते. पूर्ण चढ मी दाराची मूठ सोडली नाही.

वर चहाच्या टपरीशी बाईंनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि फेरी मारून साहेबांच्या दाराशी आल्या. त्यांना काखेत हात घालून सावकाश उतरवलं, बाकावर बसवलं.

मी अजून आतच होतो. दाराची मूठ अजून हातातच होती. बाई परत आल्या आणि त्यांनी माझं दार उघडलं.

"या," त्या म्हणाल्या, आणि मलाही तसाच काखेत हात घालून उतरवलं.